पुन्हा येणाऱ्यांची साक्ष

कोल्हापुरातल्या मिसळीच्या दुकानांवरचे रिव्ह्यू सलग वाचत बसलं की एक जोडी हमखास भेटते. एकाने लिहिलेलं असतं, फारच तिखट, मुलांना एक घासही खाता आला नाही. आणि एक स्टार. लगेच खाली दुसरा लिहितो, पूर्वीचा झणका राहिला नाही, बाहेरगावच्या लोकांसाठी कट सपक करून टाकला. त्याचाही एकच स्टार. दोघांनी एकाच पातेल्यातला कट खाल्लेला असू शकतो आणि दोघंही खरंच सांगत असतात. दुकानाच्या नावाशेजारच्या आकड्यात मात्र दोघांची बेरीज होते आणि दोन माणसं नाराज झाली एवढंच शिल्लक राहतं. एकाला जे जास्त झालं तेच दुसऱ्याला कमी पडलं, हे त्या आकड्यावरून कुणालाही कळत नाही.

मिसळ या एका नावाखाली तरी किती पदार्थ आहेत! कोल्हापुरात मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, लालभडक कट आणि सोबत स्लाइसचा पाव. पुण्यात तळाशी पोहे, बटाट्याची भाजी, रश्श्यात गुळाचा हलका हात आणि मागाल तेवढं सॅम्पल. नाशिकला काळा मसाला, सोबत पापड, दही, आणि शहराबाहेर मळ्यातल्या झाडांखाली मांडलेली टेबलं. पुण्यात वाढलेली जीभ कोल्हापुरात गेली तरी शोधते पुण्याचीच मिसळ, आणि ती सापडली नाही याचा राग स्टार कमी करून व्यक्त करते. वाचणाऱ्याला वाटतं, दुकान वाईट आहे.

मला हे रिव्ह्यू वाचायला मनापासून आवडतात. प्रवासाच्या आधी वाचतेच, पण कुठेही जायचं नसताना, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही वाचते. जेवणाबद्दल लिहिता लिहिता माणसं स्वतःबद्दल खूप काही सांगून जातात. कुणी वडिलांच्या पंच्याहत्तरीला सगळं कुटुंब घेऊन गेलेलं असतं. टेबल मिळायला उशीर झाला, वडील उभे राहून दमले, आणि ते सगळं दुःख पनीरच्या भाजीवर निघतं. कुणी नव्या शहरातल्या पहिल्या रविवारी एकटाच जेवलेला असतो. वाढप्याने न विचारता आणखी एक पोळी वाढली, म्हणून पाच स्टार देतो. हे लिखाण खरं असतं आणि जवळचं वाटतं. प्रश्न पुढे येतो. याच लिखाणातून एक आकडा काढला जातो आणि त्या आकड्यावर आज आपण कुठे जेवायचं ते ठरतं. चारचौघं बाहेर जेवायला निघाली की एकजण फोन काढतो आणि वाचतो, 'हे फोर पॉइंट टू आहे, ते थ्री पॉइंट नाइन.' तेवढ्यावर बहुतेक वेळा निर्णय होऊन जातो. खाली काय लिहिलंय ते कुणी उघडत नाही. म्हणून मला विचारावंसं वाटतं, आपण नक्की कुणाच्या जिभेवर विश्वास ठेवून जेवतो आहोत?

हा प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण उत्तर आधीच ठरलेलं असायचं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. ही खानावळ बहुतेक वेळा चाळीतल्याच एखाद्या बाईचं घर असे. रत्नागिरीकडचा माणूस रत्नागिरीकडच्या बाईकडे, साताऱ्याचा साताऱ्याकडच्या बाईकडे. पैसे पगार झाल्यावर, महिन्याच्या हिशोबाने. त्या उधारीचा सगळा भार बाईच्या डोक्यावर आणि महिनाभराचा किराणा भरायला तिला सावकाराच्या दारात जावं लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यामागे हे सगळं होतं. शेकडो माणसांची चव सांभाळणाऱ्या त्या बायकांना कुणी स्टार दिले नाहीत. पण त्यांचं जेवण जेवणारा माणूस रोज समोर होता आणि तो गावचा होता. भाजी बिघडली तर तिथेच बोलायचा, आवडली तर गावाला पत्र लिहिताना कळवायचा.

त्या व्यवस्थेला उगाच गोंजारायचं कारण नाही. गावकीबरोबर जातही होती. कुणाच्या ताटाला कुणाच्या घरात जागा आहे, हेही चवीइतकंच किंवा चवीहून आधी ठरत असे. अनोळखी माणसाला, वेगळ्या जातीधर्माच्या माणसाला त्या दारातून आत जाता येत नव्हतं. आज एखादी मुलगी, एखादा परगावचा विद्यार्थी फोनवर नाव बघून कुठल्याही दारात शिरू शकतो, आणि तिथे त्याला कुणी आडनाव विचारत नाही. हा बदल फार मोठा आहे, आणि तो नीट ध्यानात ठेवूनच मी पुढचं बोलते आहे.

पुण्यात शिकत असताना मी सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये जेवत असे. महिन्याचं कार्ड, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि त्या रात्री सुट्टी. आमटी पातळ झाली की ताट पुढे करता करताच कुणीतरी म्हणायचं, 'काकू, आज पाहुणे जास्त आले का?' काकू काही बोलायच्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीची आमटी घट्ट असायची. पोळ्या गार आल्या तर आम्ही कुरकुर करायचो. परीक्षेच्या दिवसांत उशीर झाला तर झाकून ठेवलेलं ताट मिळायचं आणि कुरकुर विसरली जायची. एका जेवणावरून मेस चांगली की वाईट, असं आमच्यापैकी कुणीही ठरवलं नाही. ते ठरायला महिने लागायचे. नवी मुलगी आली की आम्ही तिला सांगायचो, मटकीची उसळ असेल त्या दिवशी लवकर ये, भरली वांगी चुकवू नकोस, भाताची घाई करू नकोस, दुसरा भात जास्त मऊ असतो. हेही एका अर्थाने रिव्ह्यूच होते. फरक इतकाच, की सांगणाऱ्या रोज तिथेच जेवत होत्या आणि ज्यांच्याबद्दल सांगत होत्या त्या काकू चार पावलांवर उभ्या असायच्या.

अनोळखी गावात कुठे जेवावं, हे अनोळखी माणसाला सांगण्याची गरज प्रवासाने निर्माण केली. फ्रान्समध्ये मिशलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी छोटी मार्गदर्शिका काढली. त्यांचा धंदा टायरचा. लोक मोटारीने लांब जावेत, टायर झिजावेत, हा सरळ हिशोब होता, आणि पुस्तिकेत नकाशे, टायर कसे बदलावेत याची माहिती, गॅरेजं नि हॉटेलं होती. चांगल्या जेवणासाठी तारा द्यायला सुरुवात झाली ती १९२६ मध्ये आणि एक-दोन-तीन ताऱ्यांची उतरंड १९३१ मध्ये आली. ते तारे आपली ओळख न देता जेवायला जाणारे, स्वतःचं बिल भरणारे निरीक्षक ठरवत. पुढे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या टिम आणि नीना झगाट या वकील जोडप्याला वाटलं, की एका समीक्षकाच्या मतापेक्षा रोज बाहेर जेवणाऱ्या पुष्कळ लोकांची मतं गोळा करावीत. मित्रमंडळींना प्रश्नावल्या वाटून त्यांनी ते सुरू केलं आणि त्यातून तीसपैकी गुण देणारी प्रसिद्ध पुस्तिका निघाली. तज्ज्ञाच्या हातातला अधिकार जेवणाऱ्यांच्या हाती गेला, तो तिथे.

आपल्याकडची सुरुवात मला यापेक्षा जास्त आवडते. दिल्लीत एका सल्लागार कंपनीत काम करणारे दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा पाहत होते, की जेवणाच्या वेळी सहकारी मेनूकार्डं बघायला रांग लावतात. त्यांनी ती कार्डं स्कॅन करून कॉम्प्युटरवर टाकली. त्यातून २००८ मध्ये फूडीबे उभं राहिलं आणि २०१० मध्ये त्याचं नाव झोमॅटो झालं. म्हणजे मुळात त्यात मत नव्हतंच. काय मिळतं, किती रुपयांना मिळतं आणि फोन नंबर काय, एवढंच होतं. एका भुकेल्या माणसाची दुसऱ्या भुकेल्या माणसाला केलेली मदत. निकाल द्यायचं काम नंतर त्याला येऊन चिकटलं, आणि मग तोच सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसू लागला.

त्या आकड्याची ताकद किती, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांची कमाई आणि येल्प या संकेतस्थळावरचं त्यांचं रेटिंग ताडून पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी मांडलं, की एक स्टार वाढला तर कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा परिणाम एकट्यादुकट्या, स्वतंत्र जागांवर होता. मोठ्या साखळ्यांवर तो दिसला नाही. ते साहजिक आहे. साखळीतल्या बर्गरची चव गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते, तिथे त्याला कुणाला विचारायचं नसतं. ज्या जागेबद्दल काहीच माहीत नाही, तिच्याबद्दलच तो विचारतो. म्हणजे आकड्याने वर जाण्याची संधी ज्यांना मिळते ते लहान लोक, आणि त्याने मार बसतो तोही त्यांनाच.

बर्कलीच्या मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रूडर यांचा २०१२ सालचा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. येल्प सरासरी अर्ध्या स्टारपर्यंत गोल करून दाखवत असे. सरासरी ३.७४ असेल तर साडेतीन दिसायचे, ३.७६ झाली तर चार. जेवणात, सेवेत, स्वयंपाकघरात या दोन जागांमध्ये काहीही फरक नाही. तरी सॅन फ्रान्सिस्कोत ज्या जागेला अर्धा स्टार जास्त दिसत होता, तिची संध्याकाळी सातची टेबलं आधीच भरून जाण्याचं प्रमाण टक्केवारीत १९ अंकांनी वाढलेलं आढळलं. गोल करताना आकडा वर ढकलला गेला की खाली, यावर एखाद्या जागेची टेबलं भरणार की नाही ते ठरत होतं.

शिवाय आपण रिव्ह्यू लिहायला बसतो तेव्हा आधीचे रिव्ह्यू वाचलेले असतात. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. विषय जेवणाचा नव्हता, एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांचा होता. त्यांनी काही प्रतिक्रियांना यदृच्छेने, मजकूर न बघता, एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. पहिल्या एका माणसाने चांगलं म्हटलं, म्हणून पुढच्यांनाही चांगलं वाटलं. जेवणाच्या बाबतीत हे अधिकच खरं असणार, कारण चव ही अपेक्षेबरोबर बदलते. इथली सोलकढी गावात एक नंबर, असं वाचून आलेला माणूस पहिला घोट घेतो तोच होकाराची तयारी करून, किंवा मग भांडणाची.

जिथे एवढी ताकद तिथे लबाडीही येणार. २०१७ मध्ये लंडनला ऊबा बटलर या लेखकाने आपण राहत असलेली बागेतली शेड ट्रिपॲडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली. ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, पदार्थांचे बनावट फोटो टाकले. काही महिन्यांत ती शेड लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट ठरली. तोवर तिथे एकाही गिऱ्हाइकाला जेवण वाढलेलं नव्हतं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९००० : २०२२' हे मानक आणलं. लिहिणारा खरा माणूस आहे का ते पडताळावं, विकत घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असं त्यात सांगितलं आहे. मात्र आणलं तेव्हा ते पाळणं ऐच्छिक ठेवलेलं होतं.

मला जास्त काळजी वाटते ती खोट्या रिव्ह्यूंपेक्षा खऱ्या, प्रामाणिक, पण काहीच ठाऊक नसलेल्या रिव्ह्यूंची. सिंधुदुर्गात समुद्राजवळच्या एका घरगुती खानावळीत मी अधूनमधून जेवते. पुढच्या पडवीत चार टेबलं, मागे चूल आणि गॅस दोन्ही. तिथे रोज काय शिजेल ते सकाळी बंदरावर काय आलं त्यावर ठरतं. वारा सुटला तर होड्या जात नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकी सुंगटं, सुका बांगडा, खाडीतलं थोडंफार, नाहीतर काळ्या वाटाण्याचं सांबारं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा जुलैत सुट्टी मिळाली म्हणून येतो, त्याला फोटोत पाहिलेली सुरमईची मोठी तुकडी हवी असते, आणि ती नाही म्हटल्यावर तो दोन स्टार देऊन लिहितो, मेनूतलं काहीही मिळत नाही. त्या घरातली सून रात्री सगळं आवरल्यावर सासूला हे वाचून दाखवते. एकदा मी तिथे बसलेली असताना तिने असाच एक रिव्ह्यू वाचला. कुणाला तरी माशाचं तिकलं फार आंबट लागलं होतं. म्हातारी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'माका तेव्हाच सांगला असता, तर दुसरा वाढला असता.'

त्या वाक्यात मला सगळं सापडतं. जेवण ही समोरासमोर होणारी गोष्ट आहे. वाढणाऱ्याला सुधारायची, बदलून द्यायची, निदान खुलासा करायची संधी त्या क्षणी असते. आपण ती देत नाही. समोर 'छान होतं' म्हणतो, पैसे देतो, गाडीत बसतो आणि घाटात नेटवर्क आलं की मनातलं लिहितो. ते लिहिणं खरं असलं तरी उशिरा आलेलं आहे, आणि ज्याला सांगायला हवं त्याला सोडून बाकी सगळ्या जगाला सांगितलेलं आहे. शहरातल्या हॉटेलांत याची दुसरी बाजू दिसते. बिलाबरोबर कोड छापलेला कागद येतो आणि वेटर मुलगा अजिजीने म्हणतो, 'मॅडम, पाच स्टार द्या ना, आणि माझं नावही लिहा.' त्या मुलाची पगारवाढ, कदाचित नोकरीही त्यावर ठरणार असते. त्याच्या चेहऱ्याकडे बघून चार देणं कुणाला जमेल? एका ठिकाणी संकोचाने पाच, दुसऱ्या ठिकाणी रागाने एक. मधलं, विचारपूर्वक दिलेलं मत कुठेच नोंदलं जात नाही.

आकडा वर ठेवायचा म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्याला नाराज करायचं नाही. मग हळूहळू स्वयंपाकही त्याच्यासाठी होऊ लागतो. तिखट मधलंच, आंबट मधलंच, गोड थोडं जास्त. मालवणी थाळीबरोबर पंजाबी भाज्या, मिसळीवर किसलेलं चीज, फोटोत उठून दिसावं म्हणून वर कोथिंबिरीचा ढीग. तिरफळाचा वास सगळ्यांना झेपत नाही, म्हणून बांगड्याच्या रश्श्यातली तिरफळं कमी होतात. प्रत्येक चवीला पहिल्या घासात न आवडण्याचा हक्क असतो. तिरफळ, सुकट, शेंगदाण्याचा झणझणीत ठेचा, शेवग्याच्या पाल्याची भाजी, यांच्याशी मैत्री व्हायला वेळ लागतो. आकडा तेवढा वेळ देत नाही, कारण तो बहुतेक वेळा एकदाच येऊन गेलेल्यांनी दिलेला असतो.

आणि तरीही हे सगळं बंद व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. माझी भाची नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा पहिले काही आठवडे तिचे फोन नुसते जेवणाबद्दल होते. सगळं मिळतं मावशी, पण आपलं काही नाही, म्हणायची. एक दिवस तिला एका लहानशा मेसबद्दल कुणीतरी मराठीत लिहिलेला रिव्ह्यू सापडला. आमटीला गोडा मसाला आणि चिंच-गूळ असतो, पोळ्या तव्यावरून थेट ताटात येतात, गुरुवारी बंद, एकट्या मुलीला बसायला संकोच वाटत नाही, असं त्यात होतं. किती स्टार होते ते तिच्या लक्षातही नाही. त्या दोन ओळींवर ती रिक्षा करून गेली आणि आता तिथली कायमची झाली. लिहिणाऱ्याची जीभ कुठे घडली आहे, हे गोड्या मसाल्याच्या उल्लेखावरून तिला कळलं. बाकी हवी होती ती माहिती, आणि तीही मिळाली. अनोळखी माणसाने अनोळखी मुलीची केवढी सोय केली! मेसवाल्या बाईंना हे कधी समजणारही नाही, पण एक गिऱ्हाईक त्यांना त्या ओळींनी दिलं.

असे रिव्ह्यू मी खूप वाचलेत. मासे दुपारी दोननंतर संपतात. पायऱ्या आहेत, आजींना त्रास होईल, पण मागच्या बाजूने सपाट वाट आहे. स्वच्छतागृह स्वच्छ आहे आणि कडी लागते. उपवासाचं मिळतं, पण भगर सकाळीच. कांदा-लसूण नको असेल तर आधी फोन करा. पार्किंग नाही, देवळाजवळ गाडी लावा. यातलं एकही वाक्य निकाल देत नाही आणि प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी कामाला येतं. मेनूकार्डं स्कॅन करणाऱ्यांना सुरुवातीला जे सुचलं होतं, त्याच्याशी याचं नातं आहे. मला दिसतं ते असं, की माहितीच्या बाबतीत अनोळखी लोकांचा समूह अत्यंत विश्वासार्ह असतो; कडी लागते की नाही यावर मतभेद होत नाहीत. चवीच्या बाबतीत मात्र कोण बोलतं आहे हे कळल्याशिवाय बोलण्याला अर्थ येत नाही.

आणि चवीबद्दल बोलण्याचा सर्वात जास्त अधिकार ज्यांना आहे, ते बोलतच नाहीत. मुंबईत मरीन लाइन्सजवळचं कयानी १९०४ पासून चालू आहे, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून. दादरचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० चं. कुठलंही ॲप येण्याआधी कितीतरी दशकं या जागा टिकल्या त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवर. आजही पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली हॉटेलात रोज सकाळी त्याच टेबलावर, त्याच मित्रांबरोबर बसणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी तिथल्या एसपीडीपीबद्दल, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरीबद्दल, चार ओळी लिहिल्या असतील? रोजची जागा घरासारखी होते, आणि घराबद्दल कुणी रिव्ह्यू लिहीत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, कोण किती वर्षं येतंय आणि कोण आजारी आहे म्हणून आठवडाभर दिसलेलं नाही. जागेच्या गुणवत्तेचा याहून मोठा पुरावा कोणता? तो कुठल्याच सरासरीत धरला जात नाही. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवर हल्ली काही पदार्थांखाली, पुन्हा पुन्हा मागवला जाणारा, अशी खूण दिसते. ती मला स्टारपेक्षा खरी वाटते, कारण तिथे माणसाने मत दिलेलं नाही. त्याने पुन्हा पैसे मोजलेले आहेत.

म्हणजे दोष नुसता आकड्याचा नाही. एकदाच येऊन गेलेले बोलतात आणि रोज येणारे गप्प राहतात, त्यामुळे तो आकडा एकांगी होतो. यावर उपाय आपल्याच हातात आहे. जिथे आपण वर्षानुवर्षं जेवतो, त्या जागेबद्दल लिहावं. आपण कुठले, कोणत्या चवीवर वाढलो, तिथे किती काळ जातो, हे आधी सांगावं. कोणत्या दिवशी काय चांगलं असतं, कोणत्या ऋतूत काय मिळत नाही, पहिल्यांदा गेलेल्याने काय मागवावं आणि कशाला दुसरी संधी द्यावी, हे लिहावं. पदार्थांची नावं आपल्या भाषेत लिहावीत. तिकलं म्हणजे तिकलं, 'फिश करी' नव्हे, म्हणजे ज्याला तिकलंच हवं आहे त्याला ते सापडेल. तक्रार असेल तर ती आधी वाढणाऱ्याच्या कानावर घालावी आणि ती दूर झाली का ते बघून मगच लिहावं.

सिंधुदुर्गातल्या त्या खानावळीबद्दल मी असं लिहिलं. जुलैत सुरमई मागू नका, काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा, तिकलं आंबटच असतं आणि तसंच असायला हवं, कमी आंबट हवं तर वाढतानाच सांगा. किती स्टार द्यायचे याचा फार विचार केला नाही. पुढच्या पावसाळ्यात सुनेने सांगितलं, की दोन-तीन कुटुंबं ते वाचून आली आणि त्यांनी येताच सांबारं मागितलं. त्यातल्या एकाला ते आवडलं नाही. त्याने तसं तिथेच सांगितलं, आणि म्हातारीने त्याला अंड्याचा रस्सा करून वाढला.